चिमणीच्या दातांनी

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
सोमवार, १६ जुलै २००७

प्रिय ताई,

रसिका उद्या सकाळी बोरिवलीहून गाडीत बसेल आणि दुपारी बडोद्याला तुझ्यापुढे बसून मावशीने खायला घालून घालून कसा जीव काढला त्याचं रडगाणं गाईल. हे पत्र तिच्याच हाती देतेय. तिच्या बॅगेत तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून वर तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं एक पुडकं आहे. त्याला आत्ता हात लावू नकोस. वास आलाच तर खिडकी उघड, सासूबाईंना काय सांगायचं ते सांग, पण आधी हे वाच. फोनवर बोलली असतीस की, असं म्हणशील. गेल्या आठवड्यात तीनदा फोन लावला ना तुला, आणि तीनदा तिकडे पाऊस किती आहे ते विचारून ठेवून दिला. माझ्याच्याने होईना.

आधी साधी बातमी सांगते. लस टोचून झाली. सहा तारखेला, शुक्रवारी, मीरा रोडच्या आपल्या डॉक्टरांकडे नेलं तिला. एवढी बावीस वर्षांची घोडी, अमेरिकेला एकटी निघालीय, पण सुई बघितल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तोंड घालून उभी राहिली. नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवलं, काही त्रास होत नाही ना बघायला. मग दोन दिवस तिचा हात दुखत होता. म्हणजे ताट उचलायला दुखत होता, मोबाइल मात्र त्याच हातात. सर्टिफिकेट तिच्या फायलीत लावलंय. टोचल्या टोचल्या काही अंगात ताकद येत नाही हे तिलाही सांगितलंय, तुलाही सांगते. लशीत जंतू नसतो, जंतूच्या अंगावरचं नुसतं साल असतं. शरीर ते साल ओळखायला शिकतं आणि त्याच्या विरुद्ध रक्तात अँटिबॉडी तयार करतं. त्याला दहा-पंधरा दिवस लागतात. तिचं विमान बारा ऑगस्टला आहे, तोवर पोरगी तयार असेल. तेवढी काळजी डोक्यातून काढून टाक.

तिच्याबरोबर पाठवलेली तुझी चिठ्ठी मात्र मी अजून पर्समध्येच घेऊन फिरतेय. युनिव्हर्सिटीच्या फॉर्मवर मेनिंजायटिसची लस लिहिलीय, तू त्यातलीच आहेस तेव्हा तिकडेच उरकून घे, असं निळ्या शाईत. आणि खाली काळ्या पेनने, वेगळ्या वेळी लिहिल्यासारखं: हा तोच का गं आजार? एवढंच. आपण दोघींनी अठ्ठावीस वर्षांत एकमेकींना न विचारलेली गोष्ट तू पाच शब्दांत विचारून मोकळी झालीस. मला उत्तर द्यायला दहा दिवस लागले.

मी लॅबमध्ये काय करते ते तू कधी नीट विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. तुला वाटतं, लोकांची साखर नि कोलेस्टेरॉल. ते होतं आधी. गेली दोन वर्षं आमच्याकडे ह्याच आजाराच्या एका नव्या लशीचं काम आहे. रसिकाला दिली ती जुनी, बाजारातली. ही अजून तपासणीत आहे. लस घेणाऱ्या माणसाचं रक्त टोचायच्या आधी एकदा आणि टोचल्यावर अठ्ठावीस दिवसांनी एकदा आमच्याकडे येतं. नळीवर नाव नसतं, फक्त नंबर. आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं तेही आम्हाला ठाऊक नसतं, म्हणजे कुणाचा हात वाकडा पडायला नको. त्या रक्तातलं पाणी वेगळं काढायचं, अर्धा तास गरम ठेवायचं, मग दुप्पट, चौपट, आठपट असं पातळ करत जायचं आणि प्रत्येकात थोडे जिवंत जंतू सोडायचे. वर सशाच्या रक्तातला एक घटक लागतो, त्याशिवाय अँटिबॉडीला जंतू मारता येत नाही. मग सगळं बशीत पसरून ठेवायचं. सकाळी येऊन बघायचं. जंतू जगले असतील तर बशीभर साबुदाण्याएवढे ठिपके. मेले असतील तर बशी स्वच्छ. मी ते ठिपके मोजते. घरचे म्हणतात, हिचे डोळे गेले. जाऊ देत. कुठल्याशा नंबरची बशी लख्ख निघाली ना, तर मला दिवसभर बरं वाटतं. ओळख ना पाळख, पण बरं वाटतं.

आता मार्चमधली गोष्ट. नवी सामग्री आली की ती आधी घरच्या रक्तावर तपासायची आमच्याकडे पद्धत आहे. लस न घेतलेल्या चार-पाच जणांचं रक्त लागतं. बाहेरचं कोण देणार? स्टाफचंच काढतात, बदल्यात चहा आणि बिस्किटं. त्यालाही नंबर घालतात. सकाळी मी बशा काढल्या तर एका नंबरच्या सगळ्या बशा स्वच्छ. पार पातळ केलेल्याही. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, जंतू घालायलाच विसरले. अठरा वर्षांची नोकरी होत आली आणि ही अक्कल. गपचूप परत लावलं. पुन्हा स्वच्छ. तिसऱ्यांदा आमच्या क्षितिजा मॅडमसमोर लावलं, त्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान पण हुशार. पुन्हा तेच. मग त्यांनी नंबरांची यादी काढली आणि हसल्या. म्हणाल्या, स्वातीताई, हे तुमचंच आहे.

मी म्हटलं, मी तर कधी लस घेतली नाही. त्या म्हणाल्या, नसेल घेतली. हा जंतू कितीतरी लोकांच्या घशात येतो, काही आठवडे राहतो आणि निघून जातो. ताप नाही, खोकला नाही, माणसाला पत्तासुद्धा नसतो. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांत तर जास्तच. जाताना अंगात अँटिबॉडी ठेवून जातो. कधी त्याच्यासारखा दिसणारा दुसराच जंतू पोटात येऊन जातो, त्यानेही होतं. कधी झालं, कुठल्याने झालं, ते रक्त सांगत नाही. मोठ्या माणसांत सापडतं असं, घाबरायचं काही नाही. मी घाबरले नव्हते. मी तेरा-चौदा ह्या शब्दावर अडकले होते. त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी आले आणि बाबांनी विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

ताई, तुला आपली ती भाईंदरची चाळ आठवते का गं? मला हल्ली आपल्या फ्लॅटपेक्षा तीच जास्त आठवते. मागे मिठागरं, उन्हात बघवायची नाहीत इतकी पांढरी. बाबांच्या भांड्यांच्या कारखान्याची ठोकाठोक सकाळी आठला सुरू व्हायची आणि संध्याकाळी ती थांबली की आई म्हणायची, चला, आले तुमचे बाबा. पगाराच्या दिवशी कागदाच्या पुडीत लिमलेटच्या गोळ्या. आई त्या डब्यात घालून फळीवर ठेवायची, दिवसाला प्रत्येकी एक. तू तुझी पुरवून पुरवून चोखायचीस, मी मधलं काहीतरी करायचे आणि आपला पराग, पाच वर्षांचा राक्षस, कडाकडा चावून मोकळा. मग माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. मागायचा नाही. नुसता माझ्या गालाकडे बघत राहायचा, गोळी ह्या गालातून त्या गालात जाते तशी त्याची मान हलायची. तुझ्याकडे नाही यायचा कधी, तू दटावायचीस. मी पाघळायचे. उष्टं द्यायचं नाही हा आईचा कायदा, आणि त्यातून पळवाट तूच शिकवलेलीस मला: फ्रॉकचा घेर मध्ये घ्यायचा, त्यातून गोळी चावायची, चिमणीच्या दातांनी. चिमणीने तोडलेलं उष्टं नसतं. माझ्या सगळ्या फ्रॉकांना खाली चिकट डाग असायचे आणि आई ते घासताना आपल्या तिघांचा उद्धार करायची. त्या वर्षी मी तेरा वर्षांची होते. रोज अर्धी गोळी मला, अर्धी परागला. आणि खरं सांगते, कधी घाई असली की फ्रॉकबिक नाही, सरळ तोंडातली काढून द्यायचे.

तो फेब्रुवारीतला रविवार तू विसरली नसशीलच. तुझ्या वर्गातली सुलू, उत्तनच्या नाथाकाकांची मुलगी, तिने तुला घरी बोलावलं होतं. माझी सोमवारी गणिताची चाचणी, म्हणून मी घरी. पराग मागे लागला म्हणून तू त्याला घेतलंस. आईच म्हणाली, ने गं, जरा घरात शांतता. हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. संध्याकाळी एसटीने आलात तेव्हा त्याच्या केसांत वाळू होती, चड्डी खाऱ्या पाण्याने कडक झालेली, आणि तो सांगत सुटला होता की बांबूंवर बोंबील कपड्यांसारखे वाळत घालतात, आणि नाथाकाकांनी त्याला होडीत उभा केला, आणि सुलूच्या आईने कालवण दिलं ते त्याने दोनदा घेतलं. तुझं नाक उन्हाने लाल झालेलं. तुला इतकी खूश मी नंतर पाहिली नाही, लग्नातसुद्धा नाही. सोमवारी सकाळी त्याला ताप. दुपारी मान वाकवेना. उजेड नको म्हणून तो आईच्या पदरात तोंड घालून बसला. मंगळवारी मुंबईला हॉस्पिटलात नेला, बुधवारी बाबा एकटेच परत आले आणि दारात चपला काढून तसेच उभे राहिले.

मेंदूज्वर, असं लिहिलं होतं कागदावर, मेनिंजायटिसलाही तेच म्हणतात. पराग आत्माराम, वय पाच. कुठला जंतू ते तेव्हा कुणी सांगितलं नाही, आता कळायचा मार्ग नाही. पण चाळीत सगळ्यांना कारण ठाऊक होतं. पोराला उन्हात फिरवलं, समुद्रात भिजवलं, तिकडचं वारं लागलं. आई तेराव्यापर्यंत तेच म्हणत होती, तू नेलास, तू नेलास.  बाबांनी फक्त तुला हाक मारणं सोडलं. पाणी हवं असलं तरी स्वाती. दार लावायचं असलं तरी स्वाती. तू समोर उभी असलीस तरी स्वाती. सुगी ही हाक त्या घरातून गेली ती गेलीच. तू तीन वर्षांत पहिलं आलं ते स्थळ घेतलंस आणि बडोद्याला गेलीस. सासरी चालत नाही म्हणून मासे सोडले, असं तू रसिकाला सांगितलंयस. मला तिने परवा विचारलं तेव्हा मी मान डोलावली. पण तू त्या बुधवारनंतर आपल्याच घरात ताटातला मासा बाजूला सारायला लागलीस, ते मी तुझ्या शेजारी बसून बघत होते. रत्नागिरीच्या माणसाची पोर, बांगड्यासाठी भांडणारी. आई गेली तेव्हा तेरा दिवस येऊन सगळ्यांचं जेवण रांधलंस, बाबांना वाढलंस आणि गेलीस. बाबांनी ताटातून वर बघितलं नाही.

आणि मी काय करत होते? ऐक. पराग गेला त्या दिवशी मला वाटलं होतं की उष्ट्यानेच झालं. आईने सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून झालं.  मग शेजारच्या विमलाबाई पहिल्यांदा म्हणाल्या, उत्तनचं वारं. आणि मला हायसं वाटलं, ताई. तू कोपऱ्यात बसून रडत होतीस आणि मला हायसं वाटलं. तेरा वर्षांची होते म्हणून ते सोडून देऊ. पण पुढचं ऐक. लॅबचा कोर्स करत होते तेव्हा ह्या आजारावर एक तास झाला. घशातून घशात जातो, जवळच्या माणसांकडून, एका घरात राहणाऱ्यांकडून, एका भांड्यातून पिणाऱ्यांकडून. उन्हाने होत नाही, वाऱ्याने, समुद्राने होत नाही. आणि अंगात शिरल्यावर दिसायला तीन-चार दिवस लागतात, क्वचित दोन. मी वहीच्या मागच्या पानावर वार लिहिले. रविवारी उत्तन, सोमवारी सकाळी ताप. एक रात्रसुद्धा पुरी नाही. म्हणजे तू त्याला एसटीत बसवलास तेव्हा तो जंतू आधीच त्याच्या अंगात होता. बुधवार-गुरुवारपासून असेल. आपल्या घरातला. उत्तनचा नाही, तुझा नाही. हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगता आलं असतं. आई होती तेव्हा. मी भाजी चिरायला बसले.

का नाही सांगितलं? आज सांगते. तू नाहीस तर दुसरं कोण, हा प्रश्न त्या घरात आला असता आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं असं मला वाटत होतं. शिवाय तू लांब होतीस. बाबांची मी लाडकी झाले होते, कारण हाक मारायला मी एकटीच उरले होते. सवय झाली गं त्याची. मार्चमध्ये त्या स्वच्छ बशा बघितल्या तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे कुणीतरी आपल्याला लिहून दाखवतंय. मॅडम म्हणतात, ह्याने काही सिद्ध होत नाही. तेही खरं. माझ्याकडून गेला असेल, आईकडून, चाळीतल्या कुणाकडूनही. पण एवढं नक्की, की मी वाचले आणि तो गेला, आणि दोष तू घेतलास.

तुझी चिठ्ठी आल्यावर मात्र राहवेना. आठ तारखेचा रविवार, रसिका मैत्रिणीकडे ठाण्याला गेलेली, आमचे नवरोबा यतीन बाजारात. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. वार सांगितले, गोळ्या सांगितल्या, बशा सांगितल्या, कोर्सच्या वेळेपासून ठाऊक होतं तेही सांगितलं. बाबा बराच वेळ पेपरची घडी घालत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तू तेरा वर्षांची होतीस गं, तुला काय कळणार. आणि ताई, माझ्या तोंडून निघून गेलं, की बाबा, ताई सोळाची होती.

त्यांनी हात काढून घेतला. मला नव्हे, स्वतःलाच चटका बसल्यासारखा. पाच दिवस ते कुणाशी बोलले नाहीत, शेजारच्या हंसाबेन सकाळी जय श्रीकृष्ण म्हणतात त्यांनाही नाही. परवा शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि यतीनला म्हणाले, मला उत्तनला ने. रसिकाही निघाली, आजोबा फिरायला नेतायत म्हणून. पश्चिमेहून बस पकडली. पावसाळ्याचे दिवस, होड्या वर ओढून झाकलेल्या, बांबू रिकामे. नाथाकाका जाऊन दहा वर्षं झाली, पण सुलू त्याच घरात आहे, नवऱ्याने टाकली म्हणून परत आली ती तिथेच राहिली. तिने बाबांना ओळखलं नाही. रसिकाकडे बघून म्हणाली, ही सुगंधाचीच हाय ना? बाबांनी मान हलवली आणि तिथल्या ओट्यावर बसून पहिल्यांदा बघितलं, त्यांचा मुलगा शेवटचं कुठे खेळला ते. सुलूने दाखवलं. निघताना घरातले वाळवलेले बोंबील बांधून दिले, पैसे विचारले तर न्हाय म्हणाली. ती पिशवी बाबांनी बसमध्ये मांडीवर धरून आणली. रसिकाला काय कळलं, काय नाही, मी विचारलं नाही. तिला मामा होता हे तू सांग. ते सांगायचा हक्क तुझाच आहे.

जंतूची माफी मी मागत नाही, तो कुणाच्या हातात नसतो हे मी रोज बशीत बघते. गप्प बसल्याची मागते. तू दिली नाहीस तरी मला समजेल, रागाव, फोन आपट, पण आता एकटीने काही गिळून बसू नकोस. आणि खरं म्हणजे हे पत्र त्यासाठीही नाही. काल दुपारी बाबा वर्तमानपत्र पसरून खाली बसले, ऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे वाकत नाहीत, आणि कात्री घेऊन एकेका बोंबलाचं डोकं आणि शेपूट कापत राहिले, आई करायची तसं. मी करते म्हटलं तर दिली नाही कात्री. चार वाजले. मग सगळं गुंडाळून, वर पिशव्या बांधून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, सुगीला पाठव. म्हणावं, रसिका जायच्या आधी घरी येऊन जा. तिला सांग, बोरिवलीला मी उतरवून घ्यायला येतो. मी मुद्दाम परत विचारलं, कुणाला पाठवू? त्यांनी पुन्हा तेच नाव घेतलं. तेव्हा आता पुडकं उघड, आणि कुठल्या गाडीने निघतेस ते कळव, त्यांनी यतीनकडून कॅलेंडरवर जागा मोकळी ठेवून घेतलीय.

तुझीच,
स्वाती